येणारं नेट आणि जाणारं नेट

गेल्या शुक्रवारी दुपारी सव्वातीनला मामाचा फोन आला. ऑफिसच्या वेळात मामा कधी फोन करत नाही, म्हणून चालू मीटिंग म्यूट करून उचलला. पलीकडून पहिलंच वाक्य, "अरे, तुझ्याकडचं नेट कसंय?"

मामाची भोसरी एमआयडीसीत छोटी टूलरूम आहे. तीन-चार मशिनं, एक जुना सीएमएम आणि गेल्या वर्षी कर्ज काढून घेतलेला थ्रीडी स्कॅनर. चाकणच्या एका कंपनीला तो फिक्श्चर आणि डाय करून देतो. (कंपनीचं नाव लिहीत नाही, मामाला अजून धंदा करायचाय.) नवीन जॉब असला की माल जायच्या आधी 'पीपॅप' द्यावा लागतो, म्हणजे ड्रॉइंग, मटेरियलचे दाखले, मोजमापं असा सगळा गठ्ठा. पूर्वी तो खरोखरच फायलींचा गठ्ठा असायचा. आता स्कॅनचा डेटाही द्यावा लागतो, आणि तो कंपनीच्या पोर्टलवर अपलोड करायचा. यावेळचा झिप झाला ४.२ जीबीचा. मुदत शुक्रवार संध्याकाळ, पाच वाजता.

जॉब बुधवारीच तयार होता, मापात बसलेला, तेल लावून गुंडाळून ठेवलेला. राहिली होती फक्त फाइल.

मामाने सकाळी साडेनऊला अपलोड लावला. साडेअकराला ८५ टक्क्यांवर एरर आला. चहा पिऊन परत लावला. पावणेदोनच्या सुमारास परत ८५ टक्क्यांवर एरर. मग मामाने, वीस वर्षं मशिनवर काढलेला कुठलाही माणूस करेल ते केलं. फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आयटीआय झालेला एक पोरगा हाताशी होता त्याला बाइकवर बसवलं आणि चाकणला पिटाळलं. मोशीवरून नाशिक रोडने ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत पोरगा एक तास वीस मिनिटांत गेटवर पोचला. गेटवर सिक्युरिटी म्हणाली, पेनड्राइव्ह आत न्यायला परवानगी नाही. (सिक्युरिटी बरोबरच होती. आमच्याही ऑफिसात नाही.)

तेव्हा मामाने मला फोन केला. मी घरून काम करत होतो, वाकडच्या फ्लॅटवर, जिथे १०० चं फायबर आहे, येताना १०० आणि जातानाही १००. म्हटलं, पाठव पोराला इकडे. पोरगा चाकणहून वाकडला पोचला ४ वाजून ५२ मिनिटांनी. पोर्टलचं लॉगिन मामाचं, ओटीपी मामाच्या फोनवर, फोन मामाच्या खिशात आणि मामा मशिनवर. चार मिनिटं त्यात गेली. मग अपलोड लावला, आणि जी फाइल भोसरीतून दोनदा दोन-दोन तास ढकलून गेली नव्हती ती माझ्या हॉलमधून आठ मिनिटांत गेली. ५ वाजून ४ मिनिटं. पोर्टलने लाल अक्षरात शेरा मारला, 'विलंबित'.

त्याने काय होतं? व्हेंडर रेटिंगचे मार्क कापले जातात. डिलिव्हरी वेळेत नाही, असं त्या रकान्यात दिसतं, आणि डिलिव्हरी लोखंडाची होती की फाइलची हे रकाना सांगत नाही. पुढच्या कामाची चौकशी अजून मामाकडे आलेली नाही. ती या चार मिनिटांमुळेच आली नाही असं मी छातीठोक सांगणार नाही. पण मामाला तसं वाटतं, आणि तो चुकतोय हे मला सिद्ध करता येत नाही.

तर शनिवारी सकाळी मी भोसरीला गेलो, लॅपटॉप घेऊन. ८५ टक्के दोनदा आल्यावर तो योगायोग राहत नाही, त्याचं उत्तर आकड्यांत असतं. मामाचा समज असा की पोर्टलच खराब. त्याच्याकडचा जो पोरगा नेट बघतो त्याचा समज असा की स्कॅनरची फाइलच खराब. मी स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड ९६. "बघ, शंभरचंच आहे!" मामा म्हणाला. मग तो काटा परत शून्यावर आला आणि अपलोड मोजायला लागला. चार. चाळीस नाही हो, चार.

मामाला हा दुसरा आकडा कुणी कधी दाखवलाच नव्हता. केबलवाल्याच्या बोर्डावर '१०० एमबीपीएस' एवढंच लिहिलंय, बिलावर तेवढंच, पोरगा टेस्ट करायचा तेव्हा पहिला आकडा आला की मोबाइल खिशात.

आता गणित करा. ४.२ जीबी म्हणजे साधारण ३३,६०० मेगाबिट. भागिले ४, झाले ८,४०० सेकंद, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. आणि पोर्टलचं लॉगिन दोन तासांनी आपोआप बाद होतं. दोन तासांत जातात ३.६ जीबी. ४.२ चे ३.६ म्हणजे किती टक्के? साडेपंच्याऐंशीच्या आसपास. मामाने ती फाइल शंभर वेळा लावली असती तरी शंभर वेळा तिथेच मेली असती. पोर्टल एकच फाइल घ्यायचं, त्यामुळे तुकडे करून पाठवायचीही सोय नव्हती, आणि झिप तर आधीच केलेली होती.

गंमत म्हणून त्या पोराच्या बाइकचंही गणित केलं. ३३,६०० मेगाबिट, ८० मिनिटं, म्हणजे ७ एमबीपीएस! नाशिक रोडच्या शुक्रवारच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली बाइक मामाच्या लाइनपेक्षा फास्ट निघाली. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा होता. पूर्ण भरून नेला असता तर १०६ एमबीपीएस पडले असते, म्हणजे बोर्डावर लिहिलेल्या स्पीडपेक्षाही जास्त. इंजिनिअरिंगला टॅनेनबॉमचं नेटवर्क्सचं जाडजूड पुस्तक होतं, त्यात टेपांनी भरलेल्या गाडीच्या बँडविड्थचा हिशोब आहे. तेव्हा वाचून हसलो होतो. सप्टेंबर २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका कंपनीने विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून हॉविकहून डर्बनला सोडलं होतं. फाइल कॉपी करण्यासकट सगळं काम दोन तास सात मिनिटांत झालं आणि तेवढ्या वेळात त्यांच्या एडीएसएल लाइनवरून डेटा गेला होता ४ टक्के. तिथे बातमी झाली. आपल्याकडे त्या कबुतराला महिन्याचा पगार देऊन बाइकवर बसवतात आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

*

आता मूळ मुद्दा. अपलोड इतका कमी का? "स्वस्तातलं नेट घेतलं की असंच होणार" हे उत्तर मला ऑफिसात तीन जणांनी दिलं, तिघेही माझ्यासारखे फायबरवाले. उत्तर तेवढं सोपं नाही.

एडीएसएल मधला 'ए' म्हणजे असममित. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेलकोअर या अमेरिकन संशोधन संस्थेत जोसेफ लेक्लायडर यांनी हे असं का करायचं ते दाखवून दिलं. टेलिफोनच्या एका जाड केबलमध्ये शेकडो तारा एकमेकींना चिकटून एक्स्चेंजकडे जातात. घराघरांतून येणारे सिग्नल एक्स्चेंजजवळ पोचेपर्यंत क्षीण झालेले असतात, आणि तिथेच ते शेजारच्या तारांतल्या ताज्या, जोरदार सिग्नलांच्या गोंगाटात सापडतात. म्हणून जाणाऱ्या दिशेला थोडी जागा आणि येणाऱ्या दिशेला जास्त असं केलं की एकूण जास्त डेटा बसतो. शिवाय तेव्हाचं गिऱ्हाईक म्हणजे टीव्ही! टेलिफोनच्या तारेवरून घरी सिनेमा पोचवायचा, ही कल्पना होती. तर हा कुणाचा कट नव्हता. भौतिकशास्त्र होतं आणि सोफ्यावर बसलेला माणूस होता.

पण पुढे काय झालं बघा. तांब्याची तार गेली, कारण गेलं, सवय राहिली. केबल टीव्हीच्या तारेवरचं नेट आलं, त्यात घरातून बाहेर जायला खालच्या फ्रिक्वेन्सीची एक चिंचोळी पट्टी, पारंपरिक मांडणीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, त्यातही सगळ्या गल्लीतल्या घरांचा विजेचा कचरा गोळा होतो. येणाऱ्या बाजूला शेकडो मेगाहर्ट्झ मोकळे. फायबरवर जीपॉन आलं, येताना २.५ गिगाबिट आणि जाताना १.२५, तेही अनेक घरांत वाटून. हे प्रमाण तरी बरं म्हणायचं, म्हणूनच माझ्या फ्लॅटवर १०० ला १०० मिळतात. आपल्याकडचं ३.५ गिगाहर्ट्झचं फाइव्हजी म्हणजे टीडीडी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून घ्यायची, आणि त्या वेळातला मोठा वाटा येणाऱ्या डेटाला. मोबाइलवर तीनशेचा आकडा बघून खूश होणाऱ्याने खालचा छोटा आकडाही एकदा बघावा.

प्रत्येक पिढीत इंजिनिअरने कुठेतरी ठरवलंय की लोक घेतात जास्त आणि देतात कमी. घरांपुरतं ते खरंही होतं. पण हेच गृहीतक उचलून भोसरीच्या गाळ्यात, चाकणच्या प्लॉटवर बसवलं, तिथे ते साफ उलटं आहे! मामाकडे येतं काय? दोन-चार एमबीचं ड्रॉइंग, एखादी ईमेल, परचेस ऑर्डर. जातं काय? गिगाबाइटमधले स्कॅन, मशिनिंगचे व्हिडिओ, फोटो, रिपोर्ट. एखाद्या एमआयडीसीत कच्चा माल यायला चौपदरी रस्ता आणि तयार माल बाहेर न्यायला पायवाट ठेवली असती तर उद्योजकांनी मोर्चा काढला असता. इथे तीच पायवाट आहे, आणि आपण म्हणतो, "नेट जरा स्लो आहे."

त्यात एक उपद्रव वेगळाच. अपलोड चालू असला की मामाच्या अकाउंट्सच्या ताई ओरडतात, जीएसटीची साइट उघडत नाही. त्यांना तर फक्त साइट बघायचीय, मग त्यांचं का अडावं? कारण डाउनलोडलाही परतीच्या पोचपावत्या पाठवाव्या लागतात, आणि त्या पावत्या मामाच्या अवाढव्य फाइलच्या मागे राउटरमधल्या रांगेत अडकतात. याला जिम गेटिस वगैरे लोकांनी २०१० च्या सुमारास बफरब्लोट असं नाव दिलं. उपाय साधा आहे, बऱ्या राउटरमध्ये अपलोडला खऱ्या स्पीडच्या थोडी खाली मर्यादा घालायची आणि रांग हुशारीने लावणारी सेटिंग चालू करायची. मी शनिवारी ३.५ वर मर्यादा घातली, ताईंची साइट उघडली, त्यांनी लाडू दिला. पण मामाची फाइल मात्र आता दोन तास चाळीस मिनिटांवर गेली. चारमध्ये कितीही वाटण्या केल्या तरी चारच.

"लीज्ड लाइन घ्या" असं कुणीतरी म्हणणारच. विचारली. महिन्याचा आकडा एका हेल्परच्या पगाराच्या जवळपास गेला. मोठ्या कंपन्यांना तो खर्च दिसतही नाही. टूलरूमवाल्याला दिसतो.

*

आता सरकारी बाजू. आपल्याकडे ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची व्याख्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात आली: किमान डाउनलोड २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ती ५१२ झाली. जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. तिन्ही वेळा किमान डाउनलोड! अपलोडचा किमान आकडा तिन्ही वेळा नाही. म्हणजे मामाच्या लाइनचा अपलोड चारच्या जागी पाव असता, तरी कागदोपत्री ते ब्रॉडबँडच.

आकडा घालणं अशक्य आहे का? अमेरिकेतल्या एफसीसीने २०१५ मध्ये व्याख्या केली तेव्हा २५ येताना आणि ३ जाताना असे दोन आकडे लिहिले. मार्च २०२४ मध्ये ते १०० आणि २० केले. अमेरिकेत सगळं छान आहे असं मला म्हणायचं नाही, तिथल्या केबल कंपन्यांच्या अपलोडच्या रडकथा माझ्या कॅलिफोर्नियातल्या मित्राकडून ऐकतो. पण निदान तिथे जाब विचारायला एक आकडा आहे. आकडाच नसेल तर तक्रार कशाची करणार? मामाने केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "साहेब, शंभर येतायत ना?" आणि खरंच येतायत. तो खोटं बोलत नाहीये, आणि मला राग त्याचाच येतो.

मला काही क्रांती नकोय. व्याख्येत दुसरा आकडा हवा. बोर्डावर, जाहिरातीत, बिलावर पहिल्या आकड्याशेजारी त्याच आकाराच्या अक्षरात तो हवा. आणि औद्योगिक प्लॉट देताना रस्ता, पाणी, वीज, ड्रेनेज बघतात त्या यादीत बाहेर जाणारा डेटा हवा. पिंपरी-चिंचवडचे आपण अभिमानाने सांगतो की इथला पार्ट जगभरच्या गाड्यांत आहे. पार्ट आहे हो, त्याची फाइल वाकडवरून जाते.

(मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाने वीट्रान्सफर ही मोठ्या फायली पाठवायची साइट देशात ब्लॉक केली होती, तीही ऐन लॉकडाउनमध्ये. ज्यांची कामं त्यावर चालायची त्यांनी दुसरी साइट शोधली आणि गप्प बसले. अपलोड करणाऱ्यांचा आवाज मुळात कमीच.)

*

इतका वेळ मी टेलिकॉमवाल्यांना आणि दिल्लीला बोललो. आता आपल्या जातीकडे येतो, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांकडे. ते पोर्टल कुणी लिहिलं? तुमच्या-माझ्यासारख्याच कुणीतरी, हिंजवडीत किंवा बंगळुरात किंवा अजून कुठे, गिगाबिटच्या ऑफिस नेटवर बसून. टेस्टिंगला ५० एमबीची फाइल घेतली असणार. एका सेकंदात गेली असणार. टिकेट बंद.

तुटलेलं ट्रान्सफर पुढे चालू करणं ही काही नवीन विद्या नाही. १९८५ च्या एफटीपी स्टँडर्डमध्ये त्यासाठी कमांड आहे. आरसिंक १९९६ चं. अॅमेझॉनच्या एसथ्रीवर तुकड्यातुकड्यांनी अपलोड करायची सोय २०१० पासून आहे. मामाची फाइल ८ एमबीच्या तुकड्यांत केली तर सव्वापाचशे तुकडे होतात, एक तुकडा पडला तर तेवढाच परत पाठवायचा. लॉगिन बाद झालं तर नवीन लॉगिन करा आणि चारशे पन्नासाव्यापासून पुढे चला. हे झालं असतं तर चारच्या स्पीडवरही मामाची फाइल दुपारी बारापर्यंत पोचली असती. बाइक नको, लाल शेरा नको, माझी मीटिंग बुडायला नको.

फार तावातावाने सोमवारी ऑफिसला गेलो आणि आमच्याच प्रॉडक्टचा अपलोडचा कोड उघडला. एकच रिक्वेस्ट. पूर्ण फाइल एका दमात. टोकनची मुदत साठ मिनिटं. मामाच्या पोर्टलपेक्षा निम्मी! कोडच्या इतिहासात नाव बघितलं तर दोन वर्षांपूर्वीचं, आणि माझंच. रिव्ह्यूमध्ये सीनिअरने विचारलं होतं, "मोठ्या फाइलचं काय?" मी उत्तर दिलं होतं, "सध्या तशी गरज दिसत नाही." त्या उत्तराला अंगठाही मिळाला होता.

टिकेट टाकलं. प्रॉडक्टवाल्या बाईंनी प्रायॉरिटी खालची लावली, शेरा दिला की किती युजर्सना हा त्रास होतो त्याचा डेटा द्या. डेटा आमच्याकडे नाही, कारण अर्धवट राहिलेले अपलोड आम्ही मोजतच नाही, फक्त पूर्ण झालेले मोजतो. या शनिवारी-रविवारी बसून मी ते मोजायचा कोड लिहिलाय. कुणी सांगितलेला नाही. मर्ज होतो का बघू. टेस्टिंगसाठी लॅपटॉपवर अपलोडला ४ एमबीपीएसची मर्यादा लावून ठेवलीय, आणि खरं सांगतो, पहिली फाइल लावल्यावर वीस मिनिटांत माझाच जीव वर-खाली व्हायला लागला.

काल मामाचा परत फोन. दुसऱ्या एका कंपनीचा सेल्सवाला गाळ्यावर आला होता, कोट घालून, तीनशेचा प्लॅन घेऊन. मामाने त्याला चहा पाजला आणि विचारलं, "तीनशे येणार, ठीक आहे. जाणार किती?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, ऑफिसात विचारून सांगतो. तीन दिवस झाले, अजून फोन नाही."